चाचणीचा फोन

आजींनी फोनवरच्या भामट्याला बँकेची माहिती देऊन टाकली, म्हणून त्यांच्या मुलाने मला बोलावलं. मी फोनला डबी जोडली. “हिच्यात घालू तेवढेच नंबर वाजतील, बाकीचे उंबऱ्यावरूनच परत. कोणाकोणाचे घालू?” आजी विचारात पडल्या. “बहीण गेली. मैत्रिणीला काही आठवत नाही. याचाच घाला,” त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं. “तो भामटा रोज विचारायचा हो, ‘आई, जेवलात का?’” मुलगा खिडकीबाहेर बघू लागला. मी त्याला मोबाइलवरून फोन लावायला सांगितलं. घरचा नंबर त्याने मलाच विचारला. घंटी वाजली. आजींनी केस सारखे करून रिसीव्हर उचलला. “आई, ऐकू येतंय?” “येतंय की. बरा आहेस ना? जेवलास?” मुलगा समोरच उभा होता. “काम झालं, ठेवा आता,” मी म्हणालो. आजींनी रिसीव्हरवर हात ठेवला. “थांबा हो जरा. मुलाचा फोन आलाय.”