खाटेखालची कुंडी

चिंतामणरावांनी गुडघे टेकले, खाटेखाली हात घातला आणि कुंडीतली माती चाचपली. माती अजून ओलीच. बारा दिवस पाण्याचा थेंब घातला नव्हता, पण ऊन नाही, वारा नाही, मग वाळणार कशी? रोझमेरीची सुईसारखी पानं बुडाकडून काळी पडली होती. हात लागला की गळत होती.

हे विलायती झाड ऑफिसातल्या साहेबाच्या मडमेने मायदेशी परतताना त्यांना दिलं होतं. गिरगावातल्या त्या चाळीत असं झाड दुसरं नव्हतं, आणि चिंतामणराव हे कुणाला विसरू देत नसत. शेजारच्या कौसल्याबाईंनी दिवाळीत वासासाठी म्हणून एक काडी मागितली, तर काडीबरोबर त्यांना अर्ध्या तासाचं व्याख्यानही घ्यावं लागलं. मातीत वाळू घाला, विटेचा चुरा घाला, बोट खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी. "तुळशीसारखा रोज तांब्या ओतू नका, बाई. मुळं कुजतात."

मग जानेवारीतला तो दिवस आला. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत पोरं गल्लीत उतरली आणि मागून पोलिसांच्या लाठ्या आल्या. अश्रुधूर वर गॅलरीपर्यंत चढला. तेव्हा चाळीने हाताला लागेल ते खाली फेकलं. बादल्या, बत्ते, शेवटी कुंड्या. कौसल्याबाईंनी तर तुळशीला हात जोडले आणि तिची कुंडी कठड्यावरून ढकलून दिली.

चिंतामणरावांनी हे दाराच्या फटीतून पाहिलं. पहिली घोषणा कानावर पडली तेव्हाच ते आपली कुंडी उचलून आत आले होते आणि कडी लावून बसले होते. महाराष्ट्र त्यांनाही हवा होता. सभांमध्ये टाळ्या वाजवून त्यांचे हात लाल होत. पण वेळ आली तेव्हा कुंडी जास्त हवीशी वाटली, आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवसापासून गॅलरी उघडीबोडकी. तिथे एकट्यानेच आपली कुंडी मांडायची म्हणजे स्वतःच्या भित्रेपणाची पाटी लावण्यासारखंच. त्यातून चाळीतले लोक एकाएकी फारच अदबीने वागू लागले होते. कौसल्याबाईंचा नवरा भिवा नळावर बाजूला होऊन म्हणे, "आधी तुम्ही भरा, चिंतामणराव." हा टोमणा आहे याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. ते मान खाली घालून बादली भरत.

दार वाजलं. त्यांनी कुंडी भिंतीपर्यंत आत सरकवली, हात धोतराला पुसले आणि कडी काढली.

दारात कौसल्याबाई होत्या. हातात डालड्याचा डबा, डब्यात चार बोटं उंचीची हिरवीगार रोझमेरी.

"घ्या. तुमचीच काडी, धरली बघा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी बाहेर आले, तर तुमच्या कुंडीची जागा रिकामी. ह्यांना म्हटलं, बघा, जिवापाड जपलेलं झाड, पण सगळ्यांच्या आधी चिंतामणरावांनी टाकलं. मग मीपण तुळशीला हात घातला. एवढा डबा मात्र ठेवला. म्हटलं, हा त्यांचा."

चिंतामणरावांना नळावरचा भिवा आठवला. कान तापले. डबा घ्यावा, आभार मानावे, दार लावावं. कुणाला काही कळणार नव्हतं.

ते वळले. खाटेखाली पालथे पडून त्यांनी कुंडी ओढत ओढत दारापर्यंत आणली. वाटेभर काळी पानं सांडली.

"मी टाकली नव्हती," ते म्हणाले. वर बघायची त्यांची हिंमत होईना.

कौसल्याबाई खाली बसल्या. चिंतामणरावांनीच शिकवल्याप्रमाणे मातीत बोट खुपसून पाहिलं. एक काडी नखाने खरवडली. आत बारीकशी हिरवी रेघ होती.

"जगेल," त्या म्हणाल्या. "माझ्या तुळशीची जागा रिकामीच आहे. तिथं ऊन चांगलं येतं. तिथं ठेवा."