लग्नाळूंचं कुलूप

"आता एकदाच, काका. आता चुकलं तर फाइल गेली," संचिता म्हणाली, आणि गुणवंतकाकांनी तव्याचा चटका बसावा तसा कीबोर्डवरून हात उचलला.

भाईंदर पूर्वेच्या त्या हॉलमध्ये त्यांच्या बायकोच्या, गिरिजाकाकूंच्या, वधू-वर केंद्राचा पहिलाच मेळावा भरत होता. पेणकरपाड्यापासून वसईपर्यंतचे आईबाप मुलामुलींना नटवून घेऊन आले होते. कोणाची मुलगी कुठे नोकरीला, कोणाचा मुलगा किती शिकलेला, कोणाला मंगळ, सगळं टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये बंद. शेजारपाजारचे डोकावून मुलींचे पत्ते टिपून घेतात म्हणून काकूंनी फाइलला कुलूप घातलं होतं आणि कागदी फॉर्म फाडून टाकले होते. "तुमची माहिती माझ्याशिवाय कोणी बघणार नाही," असा शब्द त्यांनी घरोघर जाऊन दिला होता. आज त्यांनाच ती दिसेना.

हे कुलपाचं सॉफ्टवेअर संचिताच्या कंपनीचं. मीरा रोडच्या एका गाळ्यात चार टेबलं, तिलाच कंपनी म्हणायचं. पासवर्ड पाचव्यांदा चुकला की फाइल आपोआप पुसली जाते, तिची कॉपीसुद्धा निघत नाही, हे संचितानंच काकूंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तो तोरा आता तिच्याच अंगाशी आला होता. फोन आल्याबरोबर ती रिक्षा करून धावत आली होती.

"मागून एखादा दरवाजा असेल ना?" काकांनी विचारलं.

"तो नाही म्हणून तर तुम्ही घेतलंत, काका."

"पण पासवर्ड बरोबर आहे हो! ही म्हणाली, तुमचं नाव ठेवलंय. माझं नाव मला येणार नाही?"

काकू दारात पाहुण्यांना गजरे देत होत्या, तेवढ्यात काकांनी हौसेनं सगळं करून पाहिलं होतं. इंग्रजी छोट्या अक्षरांत 'गुणवंत', मोठ्या अक्षरांत 'गुणवंत', मग आडनाव जोडून, मग वडिलांचं नाव जोडून. चार वेळा माती खाऊन झाल्यावर त्यांनी बायकोला हाक मारली होती.

संचितानं काकूंना खुर्चीत बसवलं. "काकू, तुम्हीच टाका."

"आणि माझ्या हातून चुकलं तर? मी नाही बाई हात लावणार. तू टाक."

"काय टाकू?"

"यांचं नाव."

"म्हणजे गुणवंत?"

"हो, तेच की."

"नक्की? तेवढंच?"

"अगं, इतकी वर्षं संसार केला, नाव विसरेन होय?"

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे भाई, चालू करा ना! मुलगा ड्युटीवर जायचाय!" तेच नाव टाकून काका चारदा आपटले होते. पाचव्यांदा तेच टाकायचं?

आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं. आल्यापासून काकूंच्या तोंडून ते नाव एकदाही निघालं नव्हतं. हे, यांचं, अहो. बस्स.

"काकू, तुम्ही स्वतः सांगा. टाइप करताना मनात जसं म्हणालात, अगदी तस्सं."

"इश्श! असं नुसतं कसं घेऊ? एवढ्या लोकांत?"

पहिल्या रांगेतल्या बायकांना एवढंच हवं होतं. "घ्या, घ्या! नाव घ्या!" "लवकर घ्या हो, आमच्या पोरीचं लग्न तुमच्या नावापायी अडलंय!" बघता बघता सगळा हॉल गोळा झाला. काकू लाजून लाल झाल्या. मग त्यांनी पदर सावरला आणि एका दमात म्हणून टाकलं,

"भाईंदरच्या मिठागरात मिठाच्या राशी,
गुणवंतरावांचं नाव घेते मेळाव्याच्या दिवशी!"

टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. संचितानं टाळी वाजवली नाही. ती गर्रकन काकूंकडे वळली.

"राव! काकू, तुम्ही राव लावलंत! पासवर्डमध्येपण लावलंय?"

"मग? नवऱ्याचं नाव नुसतं लिहू? शोभतं का ते?"

काकांनी कपाळावर हात मारला. स्वतःच्या नावापुढे स्वतःच राव लावायचं त्या भल्या माणसाला सुचणार तरी कसं?

संचितानं काकूंना विचारत एकेक अक्षर बोटानं दाबलं. राव लावलं. एंटरवर बोट ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. तिला बघवेना.

"आले! आले गं बाई सगळे!" काकू किंचाळल्या. स्क्रीनवर मुलामुलींच्या नावांची रांग भराभर वर सरकत होती. संचितानं काकूंना मिठीच मारली. तिला हसू येत होतं आणि रडूही. प्रिंटर करकरायला लागला, आणि जमलेल्या आईबापांनी त्या कर्कश आवाजालाही टाळ्या दिल्या.

"पण काकू, आता पासवर्ड बदलायला हवा," संचिता डोळे पुसत म्हणाली. "हा सगळ्या हॉलनं ऐकलाय."

आता मात्र काकू स्वतः पुढे सरसावल्या. त्यांनी मॉनिटर आपल्याकडे फिरवला, सगळ्यांना मागे सरायला लावलं आणि सावकाश, एका बोटानं नवा पासवर्ड टाकला. टाकताना त्या गालातल्या गालात हसत होत्या.

काका खांद्यावरून डोकावले. "काय गं, आता काय ठेवलंस?"

"आधी तुम्ही माझं नाव घ्या," काकू म्हणाल्या. "चारचौघांत. मग बघू."

गुणवंतरावांनी भरल्या हॉलकडे एकदा पाहिलं, आणि घसा खाकरला.