आता ब्राउझरमध्येही

जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतले प्रोग्राम तपासणारी सुरभीची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आधी फक्त कॉम्प्युटरवर सर्व्हर उभारूनच चालायची. वर्षभर खपून तिनं ती ब्राउझरमध्येही चालेल अशी केली, म्हणून कर्जतच्या एका कॉलेजात तिचा सत्कार झाला.

कार्यक्रमानंतर डोंगरातल्या वाडीवरची सुनिता तिला भेटायला आली. “ताई, माझ्याकडं कॉम्प्युटर नाय. आता मोबाईलच्या ब्राउझरवरच शिकते मी. मागं तुमच्या लायब्ररीच्या पानावर ती ब्राउझरवर चालावी असं मी मागितलं हुतं, तं उत्तर आलं, ‘कॉम्प्युटर नसेल तर हा नाद सोड.’ लय रडली मी. कोण हुता तो?”

सुरभीला तिच्याकडे बघवेना. “होता एकजण. काढलं त्याला.”

 

लायब्ररीचं सगळं काम पहिल्या दिवसापासून सुरभी एकटीच करत होती.