रंगनाथचं पथ्य

ताट तानुबाईच्या कपाळावर बसलं. काकडीची कोशिंबीर आणि राजगिऱ्याची भाकरी चुलीपर्यंत उडाली.

रंगनाथला एकादशीची साबुदाण्याची खिचडी हवी होती, वर बटाटा घातलेली. उपासाच्या खाण्यानं साखर वाढत नाही, अशी त्याची पक्की समजूत. असल्या समजुतींना आपल्याकडे तोटा नाही.

पदरानं रक्त पुसून तानुबाईनं दुसरी भाकरी वाढली. पाय कापावा लागेल याची भीती होती, म्हणून शिव्या देत का होईना, तो जेवला. भिंतीवर साधनाचा, त्यांच्या मुलीचा, हार घातलेला फोटो होता. चौदाव्या वर्षी गेली, त्याला दोन वर्षं झाली. रंगनाथ त्या भिंतीकडे पाठ करूनच बसायचा.

आठ महिन्यांपूर्वी तो सरकारी दवाखान्यातून सायखेड्याला आला, तेव्हा साखर साडेतीनशेवर होती आणि डाव्या पायाची जखम सडली होती. तेव्हापासून सोमवारची सही सोडली, तर त्याला काम नव्हतं. तानुबाईनं मात्र कंबर कसली. गूळ कुलपात, चहा बिनसाखरेचा, रोज मेथी नाहीतर कारलं. तो गुळाची किल्ली मागायचा, ती द्यायची नाही, मग जळतं लाकूड पाठीवर बसायचं. एकदा त्यानं तिचं बोट पिरगाळून मोडलं. तरी किल्ली मिळाली नाही.

जखम भरत आली. पायात बळ आलं, तसं लाथेतही आलं.

शेजारच्या बयाबाईला हे बघवेना. तानुबाईच्या पाठीला हळद लावताना ती म्हणाली, "खाऊ दे की गूळ. मरंल तर सुटशील."

"त्यांना मरू द्यायचं नाय मला," तानुबाई म्हणाली.

बयाबाईनं कपाळावर हात मारला. एवढा मार खाऊन ही बाई नवऱ्याला जपते, याचा तिला खरोखर संताप आला.

श्रावण संपता संपता तानुबाई एकटीच शहरात, गंगापूर रोडच्या डॉक्टरांकडे रिपोर्ट आणायला गेली. साखर आटोक्यात होती. डॉक्टर खूश झाले. तिच्या कपाळाकडे बघून थोडे घुटमळले आणि म्हणाले, पाय तुम्हीच वाचवलात.

"तेवढं कागदावर लिहून द्या," ती म्हणाली. "जखम भरली, आता काय धोका नाय, असं."

त्यांनी लिहून सही केली. तिनं नेहमीसारखी झेरॉक्स काढून कागद पिशवीत ठेवला.

सीबीएसच्या एसटी स्टँडवर सायखेड्याची गाडी लागली होती. ती गाडी सोडून तानुबाई कोर्टाच्या फाटकातून आत गेली आणि सरकारी वकिलांच्या टेबलावर तिनं आठ महिन्यांचे कागद तारखेवार मांडले.

"आजारी म्हणून जामीन दिला होता ना त्याला, साहेब?" ती म्हणाली. "माझ्या पोरीला ठार मारणारा आता ठणठणीत हाय."