खरपुडीची हवापालट

"बाटलीचं झाकण मीच उघडलं, बाई. जीव घुसमटत हुता तिचा," शिपाई तातोबामामा म्हणाले, आणि मालविकाबाई प्रयोगशाळेतल्या टेबलाकडे धावल्या.

त्या बाटलीत कड्यावरच्या रानखरपुडीचं शेवटचं रोप होतं. बाकीचे वेल दरडीखाली गेले, तेव्हा बाईंनी नखाएवढ्या तुकड्यापासून ते काचेत वाढवलेलं. आता उघड्यावर त्याला बुरशी धरणार, आणि मातीत लावावं तर त्याच तुकड्यापासूनच्या आधीच्या एकोणतीस रोपांनी बाहेरची हवा लागताच माना टाकलेल्या.

"तान्ह्या पोराला कुणी एकदम वाऱ्यावर न्हेतं व्हय?" मामांनी रोप कुंडीत लावलं, डोक्याचा पटका भिजवून वर तंबू ठोकला आणि तो रोज बोटभर उचलत गेले.

आठ दिवस बाई तासातासाला तंबूत डोकावत राहिल्या. नवव्या दिवशी नवं पान फुटलं, आणि दोन-तीन महिन्यांत वेल असा सुसाट सुटला, की सुतळी बांधायला मामांना स्टुलावर चढावं लागलं. पुढच्या पंधरवड्यात कंदिलासारखी फुलं लटकली आणि बाईंच्या जिवात जीव आला. इतक्यात एक माशी घोंगावत आली. मामांनी फडकं उगारलं.

"मारू नका!" बाई हसत ओरडल्या. "फुलात शिरू द्या. परागांची सोयरीक जमवायला आलीय ती!"