मीच रचलेल्या, नवऱ्यावर

“अहो, माझ्या ओव्या कुठं गेल्या?” शैलाताईंनी विचारलं आणि मुकुंदरावांच्या घशात चहा अडकला. सकाळी कॉम्प्युटरमधल्या जुन्या फायलींची साफसफाई त्यांनीच केली होती. बायकोनं गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्यांचं पुस्तक केराबरोबर गेलं होतं.

त्यांनी बॅकअपचं सॉफ्टवेअर उघडलं. उरल्यासुरल्याला धक्का न लावता त्या गुणी बाळानं आधी परत आणायच्या फायलींची यादी मांडली: माहेर, भाऊराया, पाळणा आणि शेवटी ‘मीच रचलेल्या, नवऱ्यावर’. ती त्यांनी हळूच उघडली.

भरताराचं शहाणपण किती सांगू बाई
मीठ कुठल्या डब्यात, तीस वर्षं ठावं न्हाई

ही एक वगळावी का? बोट थबकलं. मग त्यांनाच हसू फुटलं आणि त्यांनी सगळ्यांवर खूण केली.

“सगळ्या आल्या गं! आणि मीठ निळ्या डब्यात असतं!”

“तो पापडखार आहे,” स्वयंपाकघरातून उत्तर आलं.