बोदवडचा सिग्नल

“ते सगळं उचल आणि पलंगाखाली सरकव,” सुनंदाबाई म्हणाल्या. “या वयात खेळनी मांडून बसायचं, लोकं काय म्हनतील?”

“काही उचलायचं नाही, आई,” तेजस म्हणाला. “जे आहे ते आहे. लपवून लग्न जमवायचं नाही.”

बाहेरच्या खोलीतलं अर्धं टेबल बोदवड स्टेशनने अडवलं होतं. बोदवड तेजसचं आजोळ. जोडायच्या रंगीत ठोकळ्यांचं हे स्टेशन दोन वर्षांपासून वाढत चाललं होतं. फलाट, पाण्याची टाकी, चहाची टपरी, आडवा हात धरलेला जुना सिग्नल आणि बोटभर उंचीची सतरा माणसं. तेजसचे वडील गेले त्या वर्षी त्याने जळगावच्या बाजारातून पहिला डबा आणला होता. घरात तेवढाच एक विरंगुळा उरला होता.

पण त्या विरंगुळ्यानेच घोळ घातला. मागच्या महिन्यात चाळीसगावचं स्थळ आलं. टेबलाकडे बघून त्यांनी विचारलं, “घरात लहान मूल आहे का?” नाही म्हटल्यावर ते जे हसले, ते हसू तेजसच्या डोक्यातून अजून जात नव्हतं. पुढे निरोप आला नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि जूनमध्ये तेजसची पुण्याला बदली. त्याआधी हे जमायलाच हवं होतं. एका माणसापुरता कुकर लावण्यात कसला आलाय जीव, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

सकाळपासून तो खिडकी ते दार येरझारा घालत होता. सुनंदाबाईंनाही चैन नव्हतं. त्यांनी तीनदा साडी बदलली आणि शेवटी पहिलीच पुन्हा नेसल्या.

अकराच्या सुमारास निंबानाना पाहुण्यांना घेऊन आले. मध्यस्थी त्यांचीच. पाहुणे दोघंच होते, रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले दोंडाईच्याचे प्रेमराज आणि धुळ्याला बँकेत असलेली त्यांची मुलगी दिपमाला.

“पोरनी माय सहा वरीसपहिले गयी,” निंबानानांनी आपल्या अहिराणीत सांगितलं. “घरमा बाप-लेक दोन्हीच शेतस.”

पोहे तेजसनेच केले होते आणि ट्रेही तोच घेऊन आला. “आजकाल असंच शे,” निंबानाना म्हणाले. सगळे हसले, एक तेजस सोडून. दिपमाला त्याच्याकडे पेपर तपासणाऱ्या बाईंसारखी बघत होती.

तेवढ्यात प्रेमराज उठले आणि बशी तशीच ठेवून थेट टेबलापाशी गेले. तेजसने हातातली बशी खाली ठेवली. झालं, आता लहान मुलाची चौकशी होणार.

“किती दिवस लागले?” प्रेमराजांनी विचारलं.

“दोन वर्षं,” सुनंदाबाई पटकन म्हणाल्या.

प्रेमराजांनी खिशातून चष्मा काढला आणि वाकून फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतला. “बाकड्यावर एकच माणूस का?”

“दुसरा नीट बसत नव्हता,” सुनंदाबाईंनी सांगितलं.

प्रेमराज एकेक ठोकळा निरखत राहिले. कशाला आपण हट्ट केला, असं तेजसला झालं. आईचं ऐकून पलंगाखाली ढकललं असतं तर काय बिघडलं असतं?

“स्टेशन फक्कड आहे,” अखेर प्रेमराज म्हणाले. “पण सिग्नल आडवा ठेवलाय. गाडी येणार कशी? छत्तीस वर्षं मी हेच काम केलं. पाडू का?”

“पाडा,” सुनंदाबाई म्हणाल्या आणि पदर सारखा करता करता हसल्या.

प्रेमराजांनी एका बोटाने सिग्नलचा हात अलगद खाली केला.

निंबानाना गुडघ्यावर हात टेकत उठले. “आते त्या दोन्हीसले जरासं बोलू द्या. मी पान खाईसन येस.”

तेजस उठला. दिपमालाही उठली. दोघं गॅलरीत आले. बाहेर ऊन रणरणत होतं.

“तुम्हाला काय वाटतं?” तिने विचारलं.

“मला पसंत आहे. अगदी मनापासून.” तेजस म्हणाला. “तुम्हाला?”

“पोह्यांत मीठ कमी होतं,” ती म्हणाली आणि एकाएकी तिचे डोळे भरून आले. “पण मलाही पसंत आहे.”

आतून ठोकळ्यावर काहीतरी बसल्याचा टक असा बारीक आवाज आला आणि मागोमाग हसणं ऐकू आलं.

“मग ठरलं,” ओढणीने डोळे पुसत दिपमाला म्हणाली. “पण पप्पांच्या लग्नात करवली मीच हं, दादा.”